मलावीच्या सुवार्तिकांच्या नावाने मुंबईतल्या मंडळ्यांची फसवणूक

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या स्थानिक सुवार्तिकांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांना, दरमहा आधार द्या, असं सांगत एक गृहस्थ चेंबूर, गोवंडी, कुर्ला भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) फिरत होते. आमच्यासकट बऱ्याच घरांनी पैसे दिले. मलावीत त्यातलं काही पोहोचलं नाही. आता त्यांची सुवार्तिकांच्या फोटोंची कार्डं कल्याणकडे वाटली जात असल्याचं कळलं, म्हणून लिहिते आहे.

स्थानिक माणसालाच आधार द्यावा, हे त्यांचं म्हणणं मुळात बरोबर होतं. परक्या देशातून मिशनरी पाठवायचा तर व्हिसा, घरभाडं, भाषा शिकण्यात जाणारी वर्षं. तिथलाच माणूस चिचेवा ही तिथली भाषा बोलतो, सायकलवर गावोगाव जातो, थोडक्यात संसार चालवतो. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, पण सुवार्ता मराठी मनात रुजली ती ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांच्यासारख्या इथल्याच माणसांमुळे. आपल्याला हे वेगळं पटवावं लागत नाही.

प्रत्येक घराला एक कार्ड मिळालं. त्यावर सुवार्तिकाचा फोटो, गाव, मुलांची नावं. माझ्या सासूबाई रोज रात्री त्या मुलांची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त येतो. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत शेकडो बळी घेतले, तेव्हा वेगळी वर्गणी झाली. महिला मंडळातल्या एका ताईंनी पाटल्यांसाठी साठवलेले पैसे दिले.

बिंग फुटलं एका पत्रामुळे. ऑगस्टमध्ये ‘सुवार्तिकाचं’ पत्र आलं: पाऊस थांबत नाही, शेतं पाण्याखाली, सभा घेता येत नाही. मंडळीतला एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरं त्याने पाहिली आहेत. तो म्हणाला, मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, ऑगस्ट कोरडा असतो. पत्र लिहिणारा मुंबईचा पाऊस बघत बसला होता! मग फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर कार्डाचा फोटो टाकला, तर तो भलत्याच देशातल्या मदतकार्याचा निघाला.

हिशेब मागितला की त्या गृहस्थांचं उत्तर ठरलेलं, “प्रभूच्या कामात संशय घेता?” प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला होता. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडून बघा. हिशेब मागणाऱ्याला गप्प करणारा माणूस प्रेषितांच्या रीतीने चालत नाही.

पैसे जायचे एका खाजगी खात्याच्या क्यूआर कोडवर. परदेशी पैसे पाठवायला सरकारी कटकटी फार, म्हणून नैरोबीतला भाऊ हातोहात पोहोचवतो, असं सांगितलं जाई. हे साफ खोटं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते, देणगीसुद्धा. पॅन आणि बँकेतला ए२ हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म लागतो. बँक टाळून हातोहात पैसे पोहोचवणं म्हणजे हवाला, आणि तो बेकायदेशीर आहे. इथली संस्था पैसे गोळा करत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो खरा आहे का ते स्वतः तपासा. पावती संस्थेच्या नावाची हवी, खातंही संस्थेचंच हवं.

पोलिसांत जाऊ नका, धर्मांतराचा विषय निघेल, आपलीच बदनामी होईल, असं काही वडीलधाऱ्यांचं मत होतं. सध्याचे दिवस पाहता ती भीती मला कळते. पण याच भीतीच्या आड असा माणूस एका मंडळीतून दुसरीत जातो. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली. यूपीआयने दिलेल्या पैशांचे व्यवहार क्रमांक निघाले. रोख दिलेल्यांकडे दाखवायला काहीच नाही.

तुमच्या घरी असं कार्ड असेल तर फाडून टाकू नका. कार्ड, पत्रं, व्हॉट्सॲपवरचे निरोप, व्यवहार क्रमांक जपून ठेवा, पाळकसाहेबांना आणि पंचांना दाखवा आणि तुमचीही तक्रार नोंदवा.