सॅम कुक यांचा ‘नाइट बीट’: रात्रीच ऐकावा असा
अमेरिकन सोल गायक सॅम कुक यांचा १९६३ सालचा ‘नाइट बीट’ हा अल्बम सोलापूरच्या उन्हाळ्यात, रात्री गच्चीवर अंथरूण टाकून, आवाज बेताचा ठेवून ऐकण्याजोगा आहे. त्यांच्या इतर अनेक ध्वनिमुद्रणांवर व्हायोलिनांचा थर चढवलेला असे. येथे मात्र वाद्ये मोजकीच असल्यामुळे ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगायन करणाऱ्या चमूत घडलेला त्यांचा गळा, स्वर लांबवताना घेतलेल्या बारीक मुरक्यांसह, स्वच्छ ऐकू येतो. ‘लॉस्ट अँड लुकिन’ या गाण्यात तर बास आणि झांजेच्या हलक्या ठेक्याखेरीज साथच नाही. ‘लिटल रेड रूस्टर’मध्ये कुत्र्यांचा उल्लेख येताच १६ वर्षांच्या बिली प्रेस्टन यांचा ऑर्गनही भुंकतो, आणि हसू आवरत नाही. शेवटचे ‘शेक, रॅटल अँड रोल’ हे उडत्या चालीचे गाणे मात्र या शांत बैठकीत मला उपरे वाटले.