दीड हजार घेतले, पण डोळा होता खात्यावर

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘लाडका भाऊ’ योजनेत, लावून देतो असं सांगणारा कुणी भेटला तर आधी हे वाचा. माझ्या धाकट्या भावाला असाच एक ‘सर’ भेटला. पोरगा बी.कॉम. होऊन घरी बसलेला. सरकारी कार्यालयात घेणार म्हटल्यावर घरात सगळेच खूश.

प्रोसेसिंगचे म्हणून दीड हजार घेतले. तेवढ्यावर भागलं असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. खरी मेख पुढे होती. ‘विद्यावेतन नव्या खात्यातच येतं’ म्हणत त्याने भावाला बँकेत नेऊन खातं उघडायला लावलं, नवं सिम घ्यायला लावलं आणि एटीएम कार्ड, पासबुक, सिम सगळं ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतलं. बदल्यात व्हॉट्सअ‍ॅपवर नियुक्ती आदेश. राजमुद्रा ठळक, गोल शिक्का, सही झोकात. जावक क्रमांकाची जागा मात्र कोरी, आणि पदवीधराला महिना १५,००० रुपये! २०२४ मध्ये योजना आली तेव्हा पदवीधराला १०,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि बारावीला ६,००० ठरले होते. सरकार उदार झालं तरी किती होणार?

रुजू व्हायला गेला तर कार्यालयात कुणाला पत्ताच नाही. मग बँकेतून कळलं की खातं गोठवलंय. कुणाकुणाला गंडवून काढलेले पैसे त्यातून फिरवले होते, आणि नाव, पत्ता, फोटो आमच्या पोराचा. पोलिसांची नोटीसही त्याच्याच नावाने. नोकरी नाहीच, वर जबाब देत फिरतोय.

या योजनेची नोंदणी महास्वयम पोर्टलवर फुकट होते. पैसे आधारशी जोडलेल्या आपल्याच खात्यात थेट येतात, त्यासाठी कार्ड किंवा सिम कुणाच्या हवाली करायचं कारणच नाही. शिवाय हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरीची हमी त्यात नाही. ‘पुढे परमनंट करून देतो’ म्हणणारा तिथेच उघडा पडतो.

कुणाचं कार्ड-सिम आधीच गेलं असेल तर नोटिशीची वाट बघू नका. बँकेत लेखी अर्ज देऊन खातं थांबवा, अर्जाची पोच घ्या. सायबर तक्रारीसाठी १९३० नंबर आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. भावाच्या नावावर त्याने कधीच न घेतलेले नंबर निघाले. आणि चॅट डिलीट करू नका, जबाबाच्या वेळी पोलिसांनी सगळ्यात आधी तेच मागितलं.