केसपेपर की बांधावरचा दादा?

आमचे जावई फवारणीच्या औषधानं गेले, तेव्हा भाचा तेरा वर्षांचा होता. गोठ्यात आधी तोच पोचला. पोरानं शाळा सोडली नाही, बोलणं सोडलं. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यातून दोनच वाटा दिसत होत्या: सरकारी दवाखान्यातली मानसोपचार ओपीडी, नाहीतर एका संस्थेचा दर आठवड्याला घरी येऊन अशा पोरांना आधार देणारा कार्यकर्ता, आम्ही त्याला दादा म्हणतो. आम्ही दोन्ही करून पाहिल्या.

दवाखान्याला मी नावं ठेवणार नाही. पोराची झोप उडाली होती, ती तिथल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनीच परत आली. ते आपलं काम नाही, असं दादानंही आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. एसटीचे हाल आणि बुडालेली मजुरी तुम्हाला माहीतच आहे.

माझं मन उडालं ते समुपदेशनाच्या खोलीत. चार खेपांत तीन वेगळी माणसं भेटली. प्रत्येकजण कोरा कागद पुढं ओढायचा आन म्हणायचा, "हं, काय झालं ते सुरुवातीपासून सांग." पोरगा गोठ्याच्या दारापर्यंत यायचा, तिथंच थांबायचा. शेवटच्या खेपेला तो खुर्चीचं रेक्झिन नखानं उकरत बसला; उठला तेव्हा आतला स्पंज दिसत होता. परतीच्या एसटीत म्हणाला, "मामा, मी नाई येत आता. दरखेपी बाबा पुन्हा मरते."

दादानं दीड महिना काहीच विचारलं नाही. पऱ्हाटीत डवरे चालू असायचे, तो पोरासोबत बांधावर बसून राहायचा. मला तर वाटलं, हा फुकटचा पगार घेतो. पण पहिल्याच दिवशी त्यानं बहिणीला फवाऱ्याचा पंप आणि औषधाच्या बाटल्या घरातून हलवून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवायला लावल्या होत्या. पोरगा ऑगस्टमध्ये शाळेला दांड्या मारतो म्हणून आम्ही रागवायचो. शाळेची वाट पऱ्हाटीतून जाते, त्या दिवसांत तिथं औषधाचा वास भरलेला असतो, हे दादानंच दाखवलं. मग वाट बदलली, बस.

बहिणीशीही तो बोलत बसायचा. बालसंगोपन योजनेचा अर्ज त्यानंच भरून घेतला. महिन्याला 2,250 रुपये म्हणजे फार नाही, पण तिची रात्रीची कुरकुर कमी झाली तसा पोरगाही निवांत झोपायला लागला, असं आपलं माझं निरीक्षण.

खोट यातही आहे. एकट्या बाईच्या दारात मोटरसायकल उभी राहिली की गाव बोलतं; म्हणून सुरुवातीला तो आशाताईंना सोबत घेऊन यायचा. आणि प्रकल्प संपला की दादा जातो. किती महिने येणार, त्याच्यावर देखरेख कोणाची, हे आधीच विचारून घ्या. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पोरगं मरणाची भाषा करत असेल तर मात्र दादाची वाट पाहू नका, थेट डॉक्टर गाठा.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. तुमच्या दवाखान्यात एकच समुपदेशक टिकून असेल तर माझी निम्मी तक्रार गळून पडते. आमच्याकडं गोळ्या दवाखान्याच्या चालू आहेत, पण वाट पाहिली जाते ती गुरुवारच्या मोटरसायकलची.

यंदा पोळ्याला बैल सोडायला भाचा एकटाच गोठ्यात गेला. दादा अंगणात चहा पीत होता. त्यानं मान वर केली, परत खाली घातली.