लॅटिन संगीत संयोजन शिकायचंय: लॅरी हार्लो, विली कोलोन की सर्जिओ जॉर्ज?

संयोजनाकडे वळलेली आणि साल्साची, म्हणजे क्यूबन तालांवर न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या नाचत्या लॅटिन संगीताची, गोडी लागलेली मुलं मला नेहमी विचारतात, 'सर, सुरुवात कोणापासून करू?' चाळीस नावं सांगून काही साधत नाही. एकाच माणसाची कारकीर्द धरावी, त्याचे आठ-दहा अल्बम वर्षभर ऐकावेत आणि ऐकलेलं लिहून काढावं, असं मी सांगतो. त्यासाठी तीन नावं पुढे ठेवतो. तिघंही न्यूयॉर्कचे, तिघंही वादक, संयोजक आणि प्रोड्यूसर.

आपल्याकडे 'निर्माता' म्हटलं की पैसे घालणारा डोळ्यांपुढे येतो. इथला प्रोड्यूसर वेगळा. कोणतं गाणं कोणाला द्यायचं, संयोजन कोणाकडून करून घ्यायचं, एकाच गाण्याच्या अनेक रेकॉर्डिंगपैकी कोणतं ठेवायचं, हे स्टुडिओत बसून ठरवतो तो. आणि संयोजक म्हणजे अनिल मोहिले करायचे ते काम: चाल हाती आली की वाद्यमेळ बांधायचा.

लॅरी हार्लो (१९३९-२०२१) ब्रुकलिनच्या ज्यू कुटुंबातला. वडील बँडलीडर, आई ऑपेरा गायिका. हार्लेममधल्या संगीत-कला शाळेत जाता-येता दुकानांतून कानावर पडणाऱ्या लॅटिन संगीतानं त्याला ओढून घेतलं आणि पन्नासच्या दशकात तो थेट क्यूबात शिकायला गेला. जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीचा तो अगदी सुरुवातीचा कलाकार. पुढे तिथल्या दोनशेहून जास्त अल्बमांची प्रोड्यूसर म्हणून जबाबदारी त्यानं घेतली. लोक प्रेमानं त्याला 'एल हुदियो माराविय्योसो', म्हणजे 'अद्भुत ज्यू', म्हणायचे.

पायाच भक्कम करायचा असेल तर हार्लो धरा. तो पियानिस्ट, त्यामुळे सगळी इमारत पियानोवरून उभी राहते. पियानोचा न थांबणारा मोंतुनो, म्हणजे फिरून फिरून येणारा तुकडा, खाली बास, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारी क्लावे, म्हणजे पाच ठोक्यांचा मूळ ठेका. क्लावे समजून घ्यायला टेबल पुरतं. सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टकटक करा. पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. आपला कान समेवर विसावा शोधतो आणि इथे विसाव्याआधीच पुढचा ठोका येऊन जातो. गायकाची ओळ, ब्रासचे (ट्रंपेट, ट्रॉम्बोन अशा पितळी फुंकवाद्यांचे) तुकडे, पियानो, सगळं या पाच ठोक्यांशी जुळावं लागतं. हार्लोच्या १९७१ च्या, आर्सेनिओ रॉड्रिगेझला वाहिलेल्या अल्बममध्ये हे लख्ख ऐकू येतं. आर्सेनिओ हा क्यूबाचा अंध त्रेस-वादक; त्रेस म्हणजे गिटारसारखं तंतुवाद्य. पियानो, कोंगा आणि जादा ट्रंपेट घेऊन त्यानंच तिथला वाद्यवृंद मोठा केला होता.

ब्रासही हार्लोकडूनच शिकावा. क्यूबन पद्धतीत ट्रंपेट होते, न्यूयॉर्कचा पियानिस्ट एडी पाल्मिएरी यानं ट्रॉम्बोन पुढे आणले होते. हार्लोनं दोन ट्रंपेट आणि दोन ट्रॉम्बोन एकत्र बसवले. वर चकाकी, खाली गडद भरणा. १९७३ चा 'होमी' हा त्याचा लॅटिन ऑपेराही ऐकाच. त्यात त्यानं क्यूबन गायिका सेलिया क्रूझला गायला बोलावलं आणि न्यूयॉर्कच्या तरुण श्रोत्यांना ती नव्यानं भेटली. गायिकेची निवड हे केवढं मोठं संयोजन असतं, ते इथे दिसतं. उणीव एकच: हार्लोची मोठी कामं ऐकायला सवड आणि चिकाटी लागते.

विली कोलोनचं तसं नाही, तो पहिल्या मिनिटातच पकडतो. साउथ ब्राँक्समध्ये १९५० साली जन्मलेला हा मुलगा 'एल मालो' हा पहिला अल्बम आला तेव्हा १७ वर्षांचा होता. पुढे दोन ट्रॉम्बोन, सूर जरा खडबडीत, आणि समोर हेक्टर लाव्होचा आवाज. 'ला मुर्गा'ची सुरुवात एकदा ऐकली की ते ट्रॉम्बोन दिवसभर डोक्यात राहतात. त्याचा कान एका जागी थांबला नाही. घानातल्या मुलांचं खेळगाणं त्यानं घेतलं, पोर्तो रिकोच्या नाताळगीतांत योमो तोरोचा क्वात्रो, म्हणजे तिथलं गिटारसारखं वाद्य, आणला.

पण कोलोनकडून शिकायचं ते गायकाभोवती घर कसं बांधावं, हे. १९७८ चा 'सिएम्ब्रा' हा अल्बम घ्या, गायक-गीतकार रूबेन ब्लेड्सबरोबरचा. त्यातलं 'प्लास्तिको' डिस्कोच्या थाटात सुरू होतं, व्हायोलिनं, चकचकीत बास, आणि मग ती झूल गळून साल्सा उघडा पडतो. गाणं दिखाऊपणावर आहे, म्हणून सुरुवातही दिखाऊ. त्याच अल्बममधल्या 'पेद्रो नावाहा'चं संयोजन मात्र कोलोननं लुइस 'पेरिको' ओर्तिझकडे सोपवलं होतं. स्वतःला येत असूनही दुसऱ्याला देणं, ही प्रोड्यूसरची खरी समज. त्याच वर्षी लाव्होसाठी केलेलं 'एल कान्तान्ते' ब्लेड्सनं लिहिलेलं. दहा मिनिटांच्या त्या गाण्यात व्हायोलिनं आवाजाला कुठे टेकू देतात आणि कुठे त्याला एकटं सोडतात, हे मी कित्येकदा वहीत मांडलंय. मला तिघांत कोलोन सर्वांत जवळचा वाटतो तो यामुळे.

सर्जिओ जॉर्ज (जन्म १९६१) पुढच्या पिढीचा, तोही पियानिस्ट. फानियाचे दिवस सरल्यावर, नव्वदच्या दशकात, त्यानं साल्सात तरुण शहरी आवाज मिसळला. गायक मार्क अँथनी, गायिका ला इंडिया, डीएलजी हा बँड, ही त्याची कामं. २००१ मध्ये सेलिया क्रूझच्या 'ला नेग्रा तिएने तुम्बाओ'मध्ये त्यानं रॅपला जागा दिली. मार्क अँथनीचं 'विविर मी विदा' (२०१३) हे मूळ खालेदचं गाणं. हो, 'दीदी'वाला अल्जेरियन खालेद. परकी चाल साल्सात कशी बसवावी, याचा तो उत्तम धडा आहे. पण त्याच्या कामावरचा हात इतका सफाईदार की जोड कुठे आहे ते नवख्याला सापडत नाही, म्हणून पहिलं नाव म्हणून मी सुचवत नाही.

मग निवडायचं कसं? की-बोर्ड वाजवत असाल आणि नोटेशन वाचता येत असेल तर हार्लो, मन घट्ट करून. नाटकाला, गायकांना संगीत देत असाल, शब्दांवर जीव असेल तर कोलोन. स्पॅनिश येत नसलं तर गाण्यांचे अर्थ आधी मिळवा, नाहीतर निम्मं हातून निसटेल. घरच्या कॉम्प्युटरवर जाहिराती, रिमिक्स करत असाल तर जॉर्ज, पण सहा महिने हार्लो ऐकल्यावरच. क्लावे अंगात नसताना जॉर्जची नक्कल केली, तर गाण्याची ओळ एकीकडे आणि ताल दुसरीकडे जातो. अशी रेकॉर्डिंग मी बरीच ऐकली आहेत.

अजूनही ठरत नसेल तर आज रात्री 'एल कान्तान्ते' लावा, हेडफोनवर. पहिल्यांदा फक्त बास ऐका. दुसऱ्यांदा फक्त व्हायोलिनं. तिसऱ्यांदा टेबलावर क्लावे वाजवत ऐका.