सुपरचार्ज्ड लाइटनिंगवर तीन जादा गेज: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पहिले दोन दिवस माझ्या नव्या बूस्ट गेजचा, म्हणजे सुपरचार्जर इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब दाखवणाऱ्या डायलचा, काटा शून्याच्या वर गेलाच नाही. गाडी सुरू केली की डावीकडे, व्हॅक्यूमच्या बाजूला, १९ इंचांवर स्थिर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात). अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की शून्यापाशी येऊन उभा. गाडी पाठीला सीटमध्ये ढकलते आहे, सुपरचार्जर मिक्सरसारखा किंचाळतो आहे आणि काटा म्हणतो, बूस्ट नाही. गेज परत पाठवायची तयारी केली होती. चूक माझीच निघाली, पण ते नंतर.

आधी गाडीबद्दल. २००३ ची फोर्ड एफ-१५० एसव्हीटी लाइटनिंग. सध्या याच नावाने विजेवर चालणारी पिकअप ओळखली जाते, ती ही नव्हे. ही पेट्रोल पिणारी. ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर, ३८० हॉर्सपॉवर. आपल्याकडे डिझेल गाड्यांमुळे टर्बो घरोघरी माहीत आहे. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर. त्यामुळे हा कशाची वाट बघत नाही, पाय ठेवला की हवा कोंबायला सुरुवात. मराठीत ‘पिकअप’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वाहनात बघायचे असतील तर हे वाहन.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. गाडी अर्थातच सेकंडहँड घेतली. विकणारा शपथेवर म्हणाला, "पूर्ण स्टॉक आहे, काहीही बदललेलं नाही." डॅशबोर्डात कंपनीचा बूस्ट काटा होता, पण मागच्या मालकाने डॅशबोर्ड कधीतरी उघडला होता आणि तेव्हापासून तो काटा मेलेला. ऑइल प्रेशरचा काटा चालू होता, पण ते चालणं नावापुरतं. इंजिनवर तिथे प्रेशर मोजणारा सेन्सर नसून नुसता स्विच आहे. थोडं प्रेशर आलं की स्विच लागतो आणि काटा मधोमध येऊन बसतो. प्रेशर २० असो वा ६०, काटा तिथेच. म्हणजे काट्याच्या वेषातला दिवाच. सांगलीच्या काकांच्या टेंपोत एकही काटा चालत नसे आणि ते आवाजावरून सगळं ओळखत. माझा कान तेवढा तयार नाही.

म्हणून गेल्या जूनमध्ये तीन गेज बसवले: बूस्ट-व्हॅक्यूम, ऑइल प्रेशर आणि वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर दाखवणारा. तिन्ही ५२ मिलिमीटरचे. विंडशील्डच्या डाव्या खांबावर चढवायचं तीन खाचांचं प्लॅस्टिकचं आवरण वेगळं घेतलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि माझ्या एकेका नगावरून कुणाला प्रमाणपत्र द्यावं असं वाटत नाही. सगळं मिळून सव्वाचारशे डॉलरच्या आसपास गेले. त्यात एक्झॉस्टच्या पाइपाला भोक पाडून सेन्सरसाठी आट्यांची रिंग वेल्ड करून घ्यायचे साठ डॉलर धरले आहेत. डायल दिसतात, पैसे मात्र न दिसणाऱ्या गोष्टींत जातात.

आता ती दोन दिवसांची गंमत. या इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, आधी आणि सुपरचार्जर नंतर येतो. या दोघांच्या मधल्या पोकळीत सुपरचार्जर हवा ओढतो, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कधीच जास्त होत नाही. मी गेजची नळी हाताला सोप्या लागलेल्या वरच्या निपलला जोडली होती आणि ते निपल नेमकं त्या मधल्या पोकळीचं. बूस्ट मोजायचा तर नळी सुपरचार्जरच्या पुढे, इंजिनच्या बाजूच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर हवी. तिथे हात घालायला अर्धा तास आणि कोपराची थोडी कातडी गेली. बदलल्यावर पहिल्याच चक्करीत काटा उजवीकडे झुकला.

आणि झुकला तो ११ पीएसआयवर (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब).

कंपनीतून ही गाडी साधारण ८ च्या बूस्टने निघते. मी आधी गेजवर संशय घेतला आणि टायरला हवा भरायच्या कॉम्प्रेसरवर लावून तपासला. गेज बरोबर होता. मग गाडीखाली शिरलो. क्रँकवरची पुली मूळ मापापेक्षा मोठी. खालची पुली मोठी केली की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो, बूस्ट वाढतो. लाइटनिंगवाल्यांचा हा सगळ्यात जुना आवडता उद्योग. "पूर्ण स्टॉक" म्हणणाऱ्याला फोन केला, त्याने उचलला नाही. सत्तर डॉलरच्या गेजने पहिल्या आठवड्यात सांगितलं ते गाडी घेण्याआधी कळलं असतं तर भाव वेगळा झाला असता.

बूस्ट वाढला की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. ते वाढतं की नाही हे वाइडबँडशिवाय कळायला मार्ग नाही. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर फक्त मिक्श्चर आदर्श प्रमाणाच्या इकडे आहे की तिकडे एवढंच सांगतो. त्यावर जोडायचे स्वस्त गेज मिळतात. त्यांचे दिवे गणपतीच्या आराशीसारखे पळत राहतात आणि उपयोगही तेवढाच. वाइडबँड आकडा देतो: वजनाने एक भाग पेट्रोलला हवेचे किती भाग. शांतपणे जाताना १४.७ च्या आसपास, पूर्ण पाय दाबल्यावर अशा इंजिनात साडेअकरा ते पावणेबारा असलं की मी निर्धास्त. आकडा वाढला म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त, पेट्रोल कमी. बूस्टखाली लीन म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर भट्टी.

जुलैत हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरात पाय दाबला. ११.६ दाखवणारा आकडा चार हजार आरपीएमच्या पुढे चढायला लागला. १२.१, १२.४, १२.७. मी पाय काढला. इंजिन ना खोकलं, ना ठोकलं, डॅशबोर्डावर दिवाही नाही. गेज नसता तर तसाच दाबत राहिलो असतो. पेट्रोल पंप कमजोर झाला असणार असं धरून मनातल्या मनात मोठा खर्च लिहून टाकला. पण आधी स्वस्त गोष्ट, म्हणून चासीच्या पट्टीवरचा फ्युएल फिल्टर बदलला. जुना उलटा करून झटकला तर चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी. नव्या फिल्टरवर आकडा वरच्या आरपीएमलाही ११.८ च्या पुढे गेला नाही. वाइडबँडचे दोनशे डॉलर माझ्या हिशेबात त्या दिवशी वसूल झाले.

एक सूचना, नाहीतर घाबराल. चालत्या गाडीत पाय पूर्ण सोडला की इंजिन पेट्रोल बंद करतं आणि वाइडबँड एकदम टोकाचा लीन दाखवतो. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. ते नॉर्मल आहे. दुसरं, इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याचं खरं आदर्श प्रमाण १४.१ च्या जवळ येतं. तरी गेज १४.७ च दाखवतो, कारण तो मुळात लॅम्डा, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या किती पट हवा आहे ते, मोजतो आणि पेट्रोलच्या आकड्याने गुणून दाखवतो. भारतात आता ई-२० आलं आहे, तिथे हा फरक आणखी मोठा. गेजला लॅम्डात दाखवायची सोय असेल तर तीच वापरा.

वाइडबँडने मला एक धडाही दिला, फुकट नाही. त्याच्या बॉश सेन्सरच्या आत हीटर असतो. इंजिन चालू असताना हीटर बंद राहिला तर थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो मरतो. जानेवारीत बाहेर उणे १८, गेजला वीज देणारा, फ्यूजबॉक्समध्ये खोचलेला माझा फ्यूज टॅप सैल झाला आणि डायल काळा पडला. "शनिवारी बघू" म्हणून चार दिवस तशीच ऑफिसला गाडी नेली. शनिवारी टॅप घट्ट केला तेव्हा सेन्सर गेलेला होता. नव्वद डॉलर. चूक पूर्णपणे माझी. आता वाइडबँडला स्वतंत्र फ्यूज आहे, तिन्ही गेजची अर्थिंग एकाच बोल्टवर आहे. सेन्सर पाइपाला आडवा लावू नका, तिरपा वरच्या बाजूने लावा, म्हणजे थंडीत पाइपात साचणारं पाणी त्याच्या तोंडावर येत नाही.

ऑइल प्रेशरच्या गेजबद्दल लिहायला कमी आहे, बघायला मात्र मी त्याच्याकडेच सगळ्यात जास्त बघतो. यात दोन प्रकार मिळतात. मेकॅनिकल प्रकारात गरम ऑइलची बारीक नळी थेट केबिनमध्ये, तुमच्या गुडघ्याजवळ येते. मला ते नको होतं. पेट्रोलच्या दाबाचा गेजही याच कारणासाठी घेतला नाही, केबिनमध्ये पेट्रोलची नळी आणण्याचा विचारसुद्धा करू नका. मी ऑइलसाठी इलेक्ट्रिक घेतला. त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनवरचा दाब मोजणारा सेन्सर, बसवताना आटे गळू नयेत म्हणून टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली. गेज मेल्यासारखा. एका वायरीच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते, ती मी टेपने स्वतःच तोडली होती. टेप काढली, काटा जागा झाला. सेंडर जड असतो, पितळी टी-जोडाला थेट लटकवला तर थरथरून जोड तडकू शकतो. मी तो जाळीच्या होजने लांब नेऊन चासीवर बांधला आणि अर्थिंगची वायर वेगळी दिली.

काट्याने शिकवलं ते असं: थंडीत सकाळी ६५, गरम झाल्यावर हायवेला ५० च्या आसपास, गरम इंजिन उभं असताना २२. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला जुन्या गाड्यांच्या रांगेत तीन तास मुंगीच्या पावलांनी सरकत होतो तेव्हा १८ पर्यंत खाली आला. त्या दिवशी मी गाड्या कमी आणि काटा जास्त पाहिला.

घरच्यांचं मत वेगळं. बायको पहिल्यांदा बसली आणि म्हणाली, "हे काय, गाडीला बीपीचं मशिन लावलंस?" सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीच्या मखराची फळकुटं मागे भरून ती एकटी गाडी घेऊन गेली आणि सिग्नलवरून फोन. "अरे, तो खालचा काटा विसावर आलाय, बंद करू का?" म्हटलं, चालू दे, उभ्या गाडीत एवढाच असतो. त्यानंतर माझ्याआधी तीच तो बघते.

बूस्ट गेज? खरं सांगायचं तर पहिला महिनाभर खेळणं. पुलीचं गुपित फोडलं ते सोडलं, तर आता व्हॅक्यूमच्या बाजूसाठीच जास्त कामाचा. डिसेंबरात आयडलिंगला १९ चा १६ झाला तेव्हा फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून, जाणारी त्याचीच प्लॅस्टिकची नळी थंडीने तडकलेली निघाली. बाहेरच्या भागात तेव्हाच सिलिकॉनची नळी टाकली. एकच गेज घ्यायचा असेल तर वाइडबँड घ्या, दुसरा ऑइलचा, बूस्ट तिसरा. माझ्या बाबतीत खरेदीचा क्रम उलटा झाला, कारण बूस्ट सगळ्यात स्वस्त होता आणि सगळ्यात छान दिसत होता.

रात्रीचा प्रकाश हा उरलेला त्रास. तिन्हींचा पांढरा वेगळा, एक निळसर, एक दुधी. दोन डिमरला जोडले, वाइडबँड स्वतःच्या मर्जीने मंद होतो. आणि शेजाऱ्याने विचारलं म्हणून लिहितो: खांबावरचं आवरण माझ्या गाडीत चालतं कारण तिच्या खांबात खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग नाही. नव्या गाड्यांत ती असते, तिथे हे बसवू नका, डॅशवर जागा शोधा.

मूळ मापाची पुली एका भंगारवाल्याकडून आणून गॅरेजात ठेवली आहे. फेब्रुवारीपासून ती तिथेच पडून आहे. बसवायचं ठरवून दोनदा पाने काढले, दोन्ही वेळा आधी एक चक्कर मारून येऊ म्हटलं, काटा ११ वर गेला आणि परत आल्यावर पाने पेटीत ठेवले.