अ‍ॅडालिम्युमॅबचे अकरा महिने: रविवारचे इंजेक्शन आणि बुधवारच्या गोळ्या

मी ५२ वर्षांची आहे, मुलुंडला राहते आणि दादरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमवाताचे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे) निदान होऊन मला सात वर्षे झाली. त्यांतली सहा वर्षे मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोजची ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी यांच्या आधाराने काढली, आणि गेल्या ऑगस्टपासून दर दुसऱ्या रविवारी अ‍ॅडालिम्युमॅबचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेते आहे. आजवर २२ इंजेक्शने झाली. हे औषध सुचवले गेले की माणूस प्रथम घाबरतो, मग खर्चाचा हिशेब करतो आणि शेवटी कोणाला तरी विचारू पाहतो. मी विचारले तेव्हा मला "फरक पडतो" आणि "सवय लागते" ही दोनच उत्तरे मिळाली. त्यातले दुसरे खरे नाही आणि पहिले अपुरे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला माझ्यासमोर दोन पर्याय होते. टोफासिटिनिब ही दिवसातून दोनदा घ्यायची गोळी आपल्याकडे जेनेरिक स्वरूपात मिळते, तिला फ्रिज लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि ती इंजेक्शनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. माझा कल साहजिकच तिकडे होता. परंतु मला रक्तदाब आहे आणि मी पन्नाशी ओलांडली आहे, या दोन गोष्टींवर डॉक्टरांनी बोट ठेवले. ५० वर्षांवरील आणि हृदयविकाराचा निदान एक तरी धोका असलेल्या ४,३६२ आमवाताच्या रुग्णांवर झालेली चाचणी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण चार वर्षांच्या काळात टोफासिटिनिब घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांसारखा गंभीर त्रास झाला, तर माझ्या औषधासारखी टीएनएफ-रोधक (टीएनएफ हा सूज आणणारा रेणू अडवणारी) इंजेक्शने घेणाऱ्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. कर्करोगाचे आकडे अनुक्रमे ४.२ आणि २.९ टक्के होते. तिशीतल्या, निर्व्यसनी, रक्तदाब नसलेल्या मुलीसाठी हेच आकडे वेगळ्या रीतीने तोलले जातील, आणि तिला ती गोळी उत्तम ठरूही शकेल. माझ्यासाठी मात्र निर्णय झाला.

त्यानंतर क्षयरोगाच्या तपासण्या झाल्या: छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा चाचणी, जी शरीरात क्षयाचे जंतू शिरल्याची खूण शोधते. एक्स-रे स्वच्छ आला, इग्रा पॉझिटिव्ह आली. मला कधीच क्षय झाला नव्हता, त्यामुळे हा निकाल हातात घेऊन मी बराच वेळ बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी जे समजावले ते मला आजही या सगळ्या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण वाटते. क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांच्या बाबतीत पेशी त्यांच्याभोवती तटबंदी करून त्यांना डांबून ठेवतात, आणि ही तटबंदी टिकवण्यात टीएनएफ या रेणूचा मोठा वाटा असतो. माझे सांधे सुजवणारा रेणू तोच आहे. इंजेक्शनाने त्याला अडवले की सांध्यांना आराम मिळतो आणि तटाचे चिरे ढिले होतात. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे याच गटातले औषध घेणाऱ्यांतील क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही तपासणी जगभर आवश्यक ठरली. रोज गच्च भरलेल्या लोकलमधून प्रवास करणाऱ्या मुंबईकराने ती टाळण्याचा विचारही करू नये. मला सहा महिने रोज ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि सोबत बी-६ जीवनसत्त्व घ्यावे लागले. पहिला महिना पूर्ण झाल्यावरच इंजेक्शन सुरू झाले. ही गोळी आणि मेथोट्रेक्सेट या दोहोंचा भार यकृतावर पडतो, त्यामुळे त्या काळात दर महिन्याला रक्त तपासले गेले.

माझे औषध मूळ कंपनीचे नाही, भारतीय बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेले तशाच परिणामाचे जैविक औषध आहे. "म्हणजे नक्कल का?" हा प्रश्न माझ्या नणंदेने विचारला आणि माझ्याही मनात तो होता. अ‍ॅडालिम्युमॅबला अमेरिकेत डिसेंबर २००२ च्या अखेरच्या दिवशी मान्यता मिळाली. ज्या तंत्राने ते घडवले गेले त्यासाठी ग्रेगरी विंटर २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. त्याचे जगातील पहिले बायोसिमिलर मात्र डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने आणले. हे औषध जिवंत पेशींत तयार होणारे मोठे प्रथिन असल्यामुळे दोन कारखान्यांचा माल साध्या गोळीसारखा रेणूशः एकसारखा असत नाही, आणि म्हणून परिणाम बरोबरीचा आहे हे चाचणीने दाखवावे लागते. नॉर्वेत ४८२ रुग्णांवर झालेल्या नॉर-स्विच चाचणीत इन्फ्लिक्सिमॅबच्या मूळ औषधावरून बायोसिमिलरवर आलेल्यांची प्रकृती मूळ औषधावर राहिलेल्यांपेक्षा लक्षणीय बिघडली नाही. ती चाचणी माझ्या औषधाची नव्हती, पण माझी शंका पुष्कळशी फिटली.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. परळच्या घाऊक औषधविक्रेत्याकडून मी ते थर्माकोलच्या डब्यात, जेलच्या पिशवीसह आणते. एका मेगाब्लॉकच्या रविवारी गाडी कुर्ल्याच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली आणि तो डबा मांडीवर घेऊन मी अक्षरशः घड्याळ मोजत बसले होते. त्या दिवशी औषध वाचले. ऑक्टोबरात मात्र मीच एक सिरिंज वाया घालवली. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा आहे, आणि मी खोका बर्फाच्या कप्प्याखाली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. सकाळी काढला तेव्हा आतले द्रव गोठलेले होते. गोठलेले प्रथिन वितळवून टोचता येत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. तेव्हापासून खोका भाजीच्या ट्रेच्या वर, पुढच्या बाजूला असतो आणि शेजारी २०० रुपयांचा तापमापक असतो.

टोचणे मी समजत होते त्यापेक्षा सोपे निघाले, अवघड निघाले ते सुईचे टोपण. ते घट्ट असते आणि सरळ रेषेत ओढावे लागते. ज्यांचा अंगठा आणि तर्जनी सुजलेली आहे त्यांच्यासाठीच हे औषध असताना टोपणाचा विचार कोणी कसा केला नाही, याचे मला वाईट वाटते. पहिले दोन महिने मुलीने ते काढून दिले. माझी पद्धत आता ठरून गेली आहे. सिरिंज अर्धा तास आधी बाहेर काढून ताटलीत ठेवायची, गरम पाण्यात वगैरे धरायची नाही. मांडीचा वरचा भाग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. चिमूट धरून सुई घालायची आणि दट्ट्या सावकाश, मनात दहापर्यंत मोजत दाबायचा. थंडगार औषध घाईने दाबले की मधमाशी चावल्यासारखी आग होते. एका वेळी डावी मांडी, पुढच्या वेळी उजवी. तिसऱ्या इंजेक्शनानंतर मांडीवर रुपयाएवढा लाल, खाजरा चट्टा उठला होता, तो चार दिवसांत गेला आणि पुन्हा आला नाही. सप्टेंबरात खोकला आणि ताप आला तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक इंजेक्शन दहा दिवस पुढे ढकलले. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणे आणि उघड्यावरचे पाणी पिणे मी पूर्ण बंद केले आहे.

परिणाम तिसऱ्या इंजेक्शनानंतर जाणवू लागला. सुरू करताना माझे नऊ सांधे सुजलेले होते, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ६२ होता आणि २८ सांधे तपासून काढतात तो डीएएस-२८ गुणांक ६.३ होता, ५.१ च्या वर आजार तीव्र मानतात. सकाळची आखडण दीड तास टिकत असे. सहा वाजता उठून चहाचे पातेले दोन्ही तळव्यांत धरून उचलावे लागे, कारण सांडशी दाबण्याइतकी बोटे मिटत नसत. नोव्हेंबरात एका सकाळी मी सांडशीने पातेले उतरवले आणि हे आपण केले हे चहा गाळून झाल्यावर लक्षात आले. त्याच महिन्यात प्रेडनिसोलोन सुटली. सहामाहीच्या उत्तरपत्रिका मी मनगटाला पट्टा न बांधता तपासल्या.

आणि इथेच मी चूक केली. मेथोट्रेक्सेट मला कधीच मानवले नव्हते. दर बुधवारी रात्री १५ मिलिग्रॅम, आणि गुरुवारी सकाळी फोडणीचा वाससुद्धा नकोसा होईल अशी मळमळ, हे सहा वर्षे चालले होते. इंजेक्शनाने इतके बरे वाटत असताना ही गोळी कशाला, असे वाटून डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या गडबडीत, मी ती कोणालाही न सांगता बंद केली. पहिले पाच-सहा आठवडे काहीच बिघडले नाही आणि माझा समज पक्का झाला. जानेवारीच्या शेवटी सकाळची आखडण पुन्हा पाऊण तासावर गेली, उजवे मनगट सुजले, आणि इंजेक्शनाचा असर दहाव्या दिवशीच ओसरतो आहे असे जाणवू लागले. मी डॉक्टरांकडे गेले ती "औषध लागू पडेनासे झाले" ही तक्रार घेऊन.

"बाई, बुधवारच्या गोळ्या चालू आहेत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत, कागद ओढून त्यांनी चित्र काढले. अ‍ॅडालिम्युमॅब मानवी प्रतिपिंडासारखेच घडवलेले असले तरी शरीर त्याला परके मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. अ‍ॅम्स्टरडॅममधील २७२ रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २८ टक्के रुग्णांत अशी प्रतिपिंडे आढळली, त्यांतील दोन-तृतीयांश जणांत तर पहिल्या २८ आठवड्यांतच. ती तयार झालेल्यांच्या रक्तात औषधाची पातळी घसरलेली होती आणि त्यांच्यात मेथोट्रेक्सेट घेणारे कमी होते. २००६ च्या प्रीमियर चाचणीत, आजार नुकताच सुरू झालेल्या ७९९ रुग्णांत, दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी रोगशमनाच्या पातळीवर होते. कोणतेही एकच औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे निम्मे होते. माझ्या रक्तात प्रतिपिंडे झाली होती की नाही, हे त्या चाचणीचा खर्च न केल्यामुळे कळलेले नाही. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केले आणि साधारण आठ आठवड्यांनी मनगट उतरले. पुन्हा सुरू करताना डॉक्टरांनी ते गोळीऐवजी त्वचेखालच्या इंजेक्शनाने दिले, सोबत शुक्रवारी ५ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, आणि मळमळ निम्म्याहून कमी झाली. ही सोय आहे हे मी सहा वर्षांत कधी विचारलेच नव्हते. नव्याने गोळ्या घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

खर्च माझ्या पगाराच्या जवळजवळ चौथ्या भागाइतका आहे. माझ्या विमा कंपनीने रुग्णालयात दाखल नसल्याचे कारण देऊन दावा दोनदा नाकारला. आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराला रुग्णालयाच्या खाटेची अट लावणे मला अन्यायाचे वाटते आणि त्याविरुद्धचा माझा पत्रव्यवहार चालू आहे.

काही गोष्टी या औषधाने केल्या नाहीत. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आधीच वाकलेल्या होत्या, त्या तशाच आहेत. झिजलेले कूर्चा आणि हाड परत येत नाही. थकवा कमी झाला, गेला नाही. चौथ्या तासानंतर मला अजूनही बसून शिकवावे लागते.

नात्यातल्या लोकांनी मध्यंतरी "संधिवात एका इंजेक्शनात कायमचा बरा" असा निरोप पाठवला होता. त्याच्या मुळाशी जर्मनीतल्या एर्लांगेनचे सीएआर-टी पेशींवरचे (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचे) काम होते, आणि ते खरोखरच थक्क करणारे आहे, परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते १५ रुग्ण ल्युपस, स्नायुदाह आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे होते, त्यांत आमवाताचा एकही नव्हता. मला त्याहून जवळची वाटली ती त्याच वर्षीची एपिप्रा चाचणी, कारण माझ्या धाकट्या बहिणीची अँटी-सीसीपी (आमवाताची चाहूल देणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आहे आणि तिचे सांधे दुखतात, पण सुजलेले नाहीत. अशाच २१३ जणांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट किंवा निष्क्रिय औषध दिले गेले. वर्षअखेरीस प्रत्यक्ष संधिदाह ६ विरुद्ध २९ टक्के जणांना झाला, पण औषध थांबवल्यावर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हे अंतर २५ विरुद्ध ३७ इतके आक्रसले. आजार पुढे ढकलता येतो, हे मात्र दिसले. बहिणीला सध्या औषध दिलेले नाही. दर तीन महिन्यांनी तिचे सांधे तपासले जातात आणि त्या तारखा मी माझ्या वहीत लिहून ठेवते.

या महिन्यात माझा ईएसआर १२ आला, सुजलेला सांधा एकही नाही, गुणांक २.५, म्हणजे रोगशमनाच्या २.६ या रेषेच्या खाली. हे आणखी सहा महिने टिकले तर इंजेक्शनांतले अंतर दोनावरून तीन आठवड्यांवर नेऊन पाहू, असे डॉक्टर म्हणाले. नेदरलँड्समध्ये १८० रुग्णांवर झालेल्या ड्रेस चाचणीत असे अंतर पायरीपायरीने वाढवले तेव्हा दीड वर्षानंतर ४३ टक्के रुग्णांना ते वाढवता आले, २० टक्क्यांना औषध थांबवता आले आणि ३७ टक्क्यांना काहीच कमी करता आले नाही. मी कोणत्या गटात बसेन ते जानेवारीनंतर कळू लागेल. तोवर तेविसावे इंजेक्शन येत्या रविवारी, डाव्या मांडीवर.