थिजलेलं तूप आणि थापाडी चकती: २८ लिटरच्या ओटीजीची हिवाळी परीक्षा

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन) कसा आहे ते मे महिन्यात कळत नाही. उन्हाळ्यात पावाचं पीठ कुठेही ठेवा, फुगतं. तूप मऊच असतं. अंडी-लोणी फ्रिजबाहेर काढल्यावर अर्ध्या तासात वापरण्याजोगी होतात. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. पुण्यात पहाटेचा पारा दहा-बारावर, निफाडकडे पाच-सहाच्याही खाली, नळाच्या पाण्याने बोटं बधिर, डब्यातलं तूप दगडासारखं. आणि नेमकं याच दिवसांत घरात काहीतरी खमंग भाजावंसं वाटतं.

हे परीक्षण २८ ते ३० लिटरच्या, १५०० वॅटच्या, वर दोन आणि खाली दोन सळया असलेल्या ओटीजीचं आहे. किंमत साधारण सहा ते दहा हजार. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. या आकाराच्या डब्यांची आतली रचना जवळपास एकसारखी असते. बटणं, रंग आणि आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे की नाही, एवढाच काय तो फरक. त्यातला तिसराच महत्त्वाचा. निकाल आधीच सांगून टाकायचा तर डबा उत्तम, पण तापमानाची चकती थापाडी.

चकतीवर १८० लावलं म्हणजे आत १८० असतं असं नाही. थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणारी, पट्टी बटणांमागे, बाजूच्या भिंतीला असते. ती तिथली उष्णता मोजते, जाळीच्या मधोमध ठेवलेल्या केकची नव्हे. शिवाय भिंत तापली की सळया बंद, पुरेशी निवली की पुन्हा चालू, असा तिचा कारभार. त्यामुळे १८० वर ठेवलेल्या डब्यात मधलं तापमान १६० ते २०० मध्ये हेलकावे खात राहतं. त्यातून सळया चालू असल्याचा दिवा पहिल्यांदा विझला की लोक लगेच टिन आत सरकवतात. तेव्हा फक्त हवा तापलेली असते, पत्रा आणि काच थंडच असतात. दार उघडलं की ती हवा बाहेर जाते आणि केक गार डब्यात बसतो. मग तो बसतोच.

उपाय चार-पाचशे रुपयांचा आहे: जाळीला टांगायचा ओव्हन थर्मामीटर. तो मधल्या जाळीच्या मध्यावर टांगा, डबा रिकामा ठेवा, १८० लावा आणि दिवा तीनदा लागून विझेपर्यंत थांबा. याला वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत काटा सर्वांत वर कुठे गेला आणि सर्वांत खाली कुठे आला ते लिहून घ्या. त्यांची सरासरी म्हणजे तुमच्या डब्याचं खरं १८०. हेच १६० आणि २०० ला करा आणि तीन आकड्यांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा. खाली जी तापमानं दिली आहेत ती सगळी या खऱ्या आकड्यांतली आहेत, चकतीवरची नव्हेत.

थंडीत ओव्हन तापायला फार वेळ लागतो, ही तक्रार अर्धीच खरी. ३४ ऐवजी १४ अंशांपासून सुरुवात झाली तर दहा मिनिटांच्या कामाला फार तर दीड-दोन मिनिटं जास्त. खरा चोर व्होल्टेज. रब्बीच्या हंगामात गावाकडे पंप सुरू झाले की दाब २३० वरून २०० वर येतो, आणि सळईची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १५०० वॅटची सळई मग ११३० वॅटच्या आसपासच काम करते. कृतीतली वेळ पाळूनही नानकटाई पांढरीफटक राहिली तर आधी इथे बघा. अशा ठिकाणी दुपारी भाजलेलं बरं. प्लगचंही सांगून टाकतो: २३० व्होल्टला १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेव्हा मोठ्या पिनांचा १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर हा डबा लावू नका, वायर मऊ पडते.

आता पाव. थंडीत सगळ्यात जास्त पचका याचाच होतो, आणि ओटीजी सगळ्यात उपयोगी पडतो तोही इथेच, तेही बंद असताना. ३०० ग्रॅम मैदा, १९० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम लोणी. मळून झालेलं पीठ २६ अंशांच्या आसपास असलं पाहिजे. त्यासाठी पाणी किती गरम घ्यायचं याचा हिशेब सोपा आहे: २६ ला तीनने गुणा, म्हणजे ७८. त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे दोनेक अंश वजा करा. खोली आणि मैदा १६ अंशांवर असतील तर उरतात ४४. तेवढं गरम पाणी मैद्यात मिसळलेल्या यीस्टला सोसतं, कारण गार मैदा त्याला लगेच खाली आणतो. उकळतं पाणी मात्र नको. ५५-६० अंशांपुढे यीस्ट मरतं आणि मग पीठ रात्रभर ठेवलं तरी तसंच राहतं.

मळायला हाताने बारा-पंधरा मिनिटं, लोणी शेवटच्या पाच मिनिटांत. मग पातेलं बंद ओटीजीत, आणि खालच्या ट्रेवर वाडग्यात अर्धा लिटर उकळतं पाणी. दार लावलं की आत २८ ते ३२ अंश टिकतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी बदलायचं. ओट्यावर जे पीठ अडीच तास लावेल ते इथे तासा-सव्वा तासात दुप्पट होतं. ‘एक मिनिट १०० वर चालू करून बंद करते’ असा शॉर्टकट घेऊ नये. सळया लाल होतात, पिठाच्या वरच्या थराला थेट धग लागते, तो सुकतो आणि पाव एका बाजूने फाटतो.

नंतर ६० ग्रॅमचे नऊ उंडे, २० सेंटीमीटरच्या चौकोनी टिनमध्ये तीन-तीनच्या रांगा. दुसऱ्यांदा फुगायला पाऊण तास. इथे या डब्याची एक अडचण उघडी पडते. उंडे आत फुगतायत आणि तोच डबा तापवायचाही आहे! त्यामुळे अर्धा तास झाला की टिन बाहेर काढायचा, कोमट ओल्या फडक्याने झाकून ओट्याच्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवायचा आणि मग ओव्हन तापवायला घ्यायचा. ओटीजीच्या डोक्यावर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, तिथला पत्रा एवढा तापतो की टिनच्या बुडाचं पीठ शिजायला लागतं. २०० अंशांवर, खालून दुसऱ्या जाळीवर १५ ते १७ मिनिटं. आठव्या मिनिटालाच वरून गडद रंग आला तर फॉइल सैलसर झाका, सळईला टेकू देऊ नका. शिजला की नाही हे रंगावरून ठरवण्यापेक्षा मधल्या पावात सुईचा थर्मामीटर खुपसा. ९२ च्या वर आकडा असला की झालं.

नानकटाईला हिवाळ्यात यंत्रापेक्षा तूप जास्त त्रास देतं. प्रमाण: मैदा १००, बेसन २५, बारीक रवा २५, पिठीसाखर ७५, तूप ९० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा, चिमूटभर मीठ. थिजलेलं कणीदार तूप साखरेबरोबर फेसलंच जात नाही, आणि वितळवून घातलं तर नानकटाई तव्यासारखी सपाट पसरते. बरणी कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. बोट दाबल्यावर खळगा राहिला पाहिजे, पण कडेला तेलकट चकाकी दिसता कामा नये. पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. गोळे वळताना फुटत असतील तर बहुतेक जण दूध शिंपडतात. त्याने गोळा वळतो खरा, पण नानकटाई खुसखुशीत न होता बिस्किटासारखी कडक होते. दुधाऐवजी चमचाभर मऊ तूप घाला, किंवा पीठ दहा मिनिटं त्याच कोमट बंद डब्यात ठेवा. वीस ग्रॅमचे सोळा गोळे होतात. १६० अंश, १८ ते २० मिनिटं.

एक मात्र नक्की करा: डब्याबरोबर येणारा काळा ट्रे नानकटाईला वापरू नका. काळा पत्रा उष्णता जास्त ओढतो आणि खालच्या सळया अगदी जवळ, त्यामुळे वरून कच्चट असतानाच बूड करपतं. साधा अॅल्युमिनियमचा ट्रे आणि बटर पेपर घ्या. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते म्हणून पुन्हा आत ढकलू नका, ती निवताना खुसखुशीत होते. पूर्वी घरचं पीठ-तूप डब्यातून नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. त्या भट्टीच्या विटा सगळीकडून सारखी धग देतात, या पत्र्याच्या डब्याला ते जमत नाही. मागची रांग नेहमी आधी लाल होते, कारण दाराची काच एकेरी असते आणि उष्णता तिथून निसटते. बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणायची, झटपट.

फक्त वरच्या सळया चालू ठेवण्याची सोय लोक विसरतात. गोव्याचं बेबिंक, म्हणजे थराथराचा गोड पदार्थ (२०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं), मुळात झाकणावर निखारे ठेवून वरच्या धगीवरच होतं, तेव्हा ही सोय जणू त्यासाठीच केली आहे. नारळाचं दाट दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, जायफळ यांचं मिश्रण. भांड्यात चमचाभर तूप, त्यावर पातळ थर, वर तपकिरी डाग पडले की पुन्हा तूप, पुन्हा थर. पहिल्या थराला खालच्या सळयाही लागतात, पुढच्यांना फक्त वरच्या. प्रत्येक थर चढला की भांडं सळईच्या आणखी जवळ जातं, म्हणून चौथ्या-पाचव्या थरानंतर जाळी एक घर खाली घ्या. दोन-अडीच तास तिथेच उभं राहायचं काम आहे, पण थंडीच्या रात्री स्वयंपाकघर ऊबदार राहतं हा वरकड फायदा. भरताची वांगी मात्र यात भाजू नयेत. शिजतात, पण धुराचा वास येत नाही, गॅसवरच बरी. रताळी याच्या अगदी उलट: तेलाचा हात लावून २०० अंशांवर पन्नास मिनिटं, आत साखरेचा पाक सुटतो.

पंखा, म्हणजे कन्व्हेक्शन, असलेल्या मॉडेलसाठी हजार-दीड हजार जास्त मोजावे का? दोन ट्रे एकदम भाजत असाल तर हो, आणि तेव्हा तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. एकट्या पाव-केकला त्याचा उपयोग नाही. उलट पावाची साल लवकर सुकते आणि वर फुगायचं राहून जातं. कोंबडी फिरवायची सळई सोबत येते, ती बहुतेक घरांत माळ्यावरच जाते.

टायमर यांत्रिक, स्प्रिंगचा. दहा मिनिटांपेक्षा कमी लावायचं असेल तर आधी वीसपर्यंत फिरवून मग मागे आणावं लागतं, नाहीतर स्प्रिंग ताण धरत नाही आणि घंटा वाजतच नाही. मोबाईलचाच गजर लावा. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका, ती तडकते. आणि भुगा पडायच्या ट्रेवर फॉइल अंथरू नका, खालच्या सळयांची उष्णता उलटी फिरते.

दुकानात गेलात तर लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, टेप घेऊन जा. २० सेंटीमीटरचा टिन ठेवल्यावर चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोकळे राहतात का बघा, आणि मधल्या जाळीपासून वरच्या सळईपर्यंत किमान बारा सेंटीमीटर. दार अर्धं उघडून सोडा. धाडकन आपटलं किंवा पडलं तर स्प्रिंग सैल आहे, तो नमुना नको. महिन्यातून एकदा केक करणाऱ्यांनी हा खर्च करू नये. कुकरमध्ये मीठ घालून, शिट्टी-रिंग काढून होणारा केक त्यांना पुरतो. आठवड्याला पाव, डिसेंबरात दोन-चार केक आणि संक्रांतीला किलोभर तीळ-शेंगदाणे भाजायचे असतील तर हा डबा घ्या. शेंगदाणे १६० वर पंधरा-अठरा मिनिटं, दोनदा हलवून. तीळ त्यानंतर, ओव्हन बंद करून उरलेल्या धगीवर पसरा, आठ-दहा मिनिटांत तडतडायच्या आतच खमंग होतात.